फोर्सचा चहा

सायली गावातल्या आमच्या कारखान्यात मशीनच्या जुन्या फाइलींना दुरुस्त्या जोडणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याच्या प्रत्येक पर्यायाची माहिती लिहिणारा माणूस माझ्या शेजारी बसतो. मूळचा धुळ्याचा. एकेक ओळ आधी पुटपुटतो, चव घेतल्यासारखी, मगच टाइप करतो.

'फोर्स' म्हणजे काहीही न विचारता फाइल बदलून टाकणारा पर्याय. त्यापुढे या गृहस्थाने लिहिलं, "हा वापरण्याआधी मला चहा पाजावा." मूळच्या पुण्याच्या मॅनेजरसाहेबांनी ती ओळ दोनदा खोडली. दोन्ही वेळा ती परत आली.

"आपलं लिहिलेलं कोन वाचतं, भाऊ?" तो मला म्हणायचा.

काल साहेब स्वतः चहा घेऊन आले. कप त्याच्या टेबलावर ठेवून उभे राहिले.

कपाला हातही न लावता त्याने विचारलं, "कोनती फाइल गेली, साहेब?"