निजवायला निघालेली मोटरसायकल

आमच्या जावयाइतका लेकराच्या झोपेचा वैरी अख्ख्या आर्णी तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि लेकरू निजवावं तर आपणच अशी त्याची स्वतःची पक्की समजूत आहे. जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, राहायला माझ्याच गल्लीत. कापसाच्या गाठींचा ट्रक चालवतो, पांढरकवड्यावरून हैदराबादेकडे जातो, चार-चार दिवस घरी नसतो. आणि आला की पहिलं काम काय, तर दीड वर्षाच्या पोरीला ओढणीनं छातीशी बांधायचं आणि मोटरसायकलला किक मारायची. मग बसस्टँड, बाजार, पुलापर्यंत जाऊन परत. पोरीची मान त्याच्या खांद्यावर पडली की गडी किल्ला जिंकल्याच्या तोऱ्यात घरी येणार आणि गाडी बंद करणार. गाडी बंद झाली की पोरगी टक्क जागी. मग पुन्हा फेरी. त्याचं पेट्रोल जळतं ते जळतं, इकडे माझं डोकं पेटतं.

वर याला शास्त्र जोडलेलं आहे. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आमची लेकरं म्हणे चालत्या बैलाच्या पाठीवर निजायची. "ताई, आपलं लेकरू थांबल्या जागी झोपतच नाही. रक्तातच नाही तिच्या," असं तो मला समजावतो. मी काय विलायतेतून आले? मीही त्याच तांड्यातली, आणि माझं रक्त खाटेवर पडल्या पडल्या घोरतं. पण ऐकणार कोण. हा माणूस स्वतःच खुर्चीवर बसत नाही. अंगणात उभ्या केलेल्या गाडीवर बसून चहा घेतो, तिथंच भाकर खातो आणि दुपारी हँडलवर डोकं टेकून डुलकीही काढतो. लग्नात गेला तर लोकांची रडकी लेकरं मागून घेतो आणि एकेकाला फेरी मारून आणतो. एकदा असंच एक लेकरू गाढ निजवून आणलं आणि ते घेतलं कोणाकडून हेच विसरला. वरमाय विहिणीशी भांडायचं सोडून लेकराची आई शोधत मांडवभर फिरली.

आता जावयाला तोंडावर बोलायची आमच्या घरात रीत नाही. पोरगी दिलेल्या घरचा माणूस, त्याला अहो-जाहो करायचं आणि मनातल्या शिव्या मनातच गिळायच्या. पण लेकी बोले सुने लागे ही सोय आपल्याकडे पूर्वापार आहे, म्हणून मी त्याच्या मोटरसायकलीला बोलायची. "काहो गाडीबाई, लेकरू आत्ता डोळे मिटून राह्यलं होतं, तुमाले कायले फुरफुर सुटली?" असं मी शिलाई मशीनवरून ओरडायची. तो मान खाली घालून टाकी पुसत म्हणायचा, "जाऊ द्या ताई, तिले समजत नाही. लोखंड हाय ते." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

माझ्या बहिणीचं उलट टोक. ती यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. बाळंतपणाच्या नावाखाली लांबवत लांबवत नेलेली सुट्टी संपत आली होती, आणि कामावर गेली की पोरगी दिवसभर माझ्याकडे राहणार होती. मी ब्लाउज शिवणार की पोरीला घेऊन गाव फिरणार? मला तर सायकलही येत नाही. म्हणून बहिणीनं पोरीला आपली आपण निजायला शिकवायचं ठरवलं. जागी असतानाच अंथरुणावर ठेवायचं, जरा थोपटायचं आणि बाजूला व्हायचं. "कुरकुरली तरी लगेच उचलू नको, ताई. थोडं रडू दे. उचललं तं शिकणार नाही." यावर जावयाचं म्हणणं, रडून झोपणं ही झोप नाही, ते थकणं आहे. दोघंही एकमेकांशी न बोलता मलाच सांगायचे, जसं काही मी पोस्टमन. शेवटी बहीण म्हणाली, "नाही जमलं तं नोकरी सोडते." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या शिक्षणापायी मी वर्षानुवर्षं मशीन मारली होती. ते शिक्षण एका फटफटीच्या मागे वाया जाणार असेल, तर ती फटफटी मीच विहिरीत ढकलणार होते.

नशिबानं जावई लांबच्या खेपेवर गेला. तेवढ्यात पोरगी माझ्या घरी चांगली रुळली. जेवली की अंथरुणावर लोळायची, थोडं भोकाड पसरायची, मग दुपट्याचं टोक तोंडात धरून निजायची. बहीण सोमवारी कामावर जाणार, आणि नेमका त्याच्या आदल्या दुपारी जावई दारात. आत पोरगी रडत होती, नेहमीसारखंच. याला तेवढं पुरे. बूट न काढता त्यानं ओढणी खांद्यावर टाकली आणि गाडी सुरू केली. आवाज ऐकताच पोरगी उठून बसली.

त्या दिवशी मी गाडीला बोलले नाही. सरळ जाऊन तिची चावी काढली. "जवाई, तुमी बाप आहा का दुश्मन आहा? उद्या तुमी ट्रक घेऊन जासान, मंग इथं कोण फिरवीन तिले? माह्या बहिणीची नोकरी गेली तं तुमचं तोंड पाहणार नाही मी." गल्लीतल्या बाया दारात आल्या. येऊ दे म्हटलं.

तो गाडीवरून उतरला नाही. टाकीवर हात फिरवत म्हणाला, "ताई, मी खेपेवरून येतो तं पोरगी मले पाहून रडते. मांडीवर बसत नाही, माह्या हातचा घास खात नाही. गाडीवर बांधली तेवढी छातीले चिकटते. तुमची बहीण तिले माह्याबिगर झोपाले शिकवून राह्यली. मी कायले शिकू देऊ?"

हे आधी बायकोजवळ बोलायला काय झालं होतं, याचाही मला संताप आला.  मी दारात आडवी उभी राहिले, त्याला आत जाऊ दिलं नाही. पोरगी रडली आणि निजली.

बहीण आता रोज सकाळच्या बसनं यवतमाळला जाते. जावई खेपेवरून आला की दुपारचा माझ्या दारात येतो, बाहेरूनच विचारतो, "झोपली?" मी हो म्हणते. परवाही असाच आला. चौकटीला धरून पोरीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "शिकली मंग." मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाला. अंगणात जाऊन गाडीचं स्टँड काढलं, पण किक मारली नाही. आवाजानं ती उठू नये म्हणून भर उन्हात गाडी हातानं ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. मी मशीन थांबवून पाहत होते, आणि पहिल्यांदाच मला त्या निजलेल्या पोरीचा राग आला. एवढं गाढ झोपायला कोणी सांगितलं होतं गं तुला? ऊठ की. रड जरा.