टाचेचा आडवा तुकडा

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला कधी उमगलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही दाखवण्यासाठी नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुकांचा राग मानू नये. मला तोंडाने बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

दादाची आठवण आली की आधी त्याचं चालणं आठवतं. लहानपणी तो झाडावरून पडला होता आणि उजव्या घोट्याचं हाड नीट बसलं नाही. तो पाय बाहेरच्या कडेवर टेकायचा. एक पाऊल हलकं, एक जड. मी चौथीत असताना आई गेली. वडील त्याआधीच गेले होते. सोळा-सतरा वर्षांचा दादा वडिलांच्या जागेवर बसायला लागला. बिबवेवाडीत रस्त्याच्या कोपऱ्यावर एक पेटी आणि एक मोठी छत्री, एवढंच आमचं दुकान. मी घरी भाकऱ्या करून डबा घेऊन जायचे आणि तिथेच बसायचे. त्याने मला रापी धरून चामडं कापायला शिकवलं, टाके घालायला शिकवलं. संध्याकाळी पेटी बंद करून आम्ही चढावरून वस्तीत परतायचो. तो पुढे, मी मागे. अंधारातही तो किती पुढे आहे हे मला त्या जड पावलावरून कळायचं.

गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्याचं. मी खाली मान घालून सोल कापायचे. कुणी विचारलं, "किती दिवस टिकेल हो?" की दादा म्हणायचा, "वापरलीत तर दोन वर्षं. जपून ठेवलीत तर नातवाला होईल." माणूस हसत पैसे द्यायचा.

स्कूटरच्या जुन्या टायरचा सोल ही आमची ओळख होती. पावसात घसरत नाही, लवकर झिजत नाही. सोल उलटा करून दादा माणूस सांगायचा. हा पुढे झुकून चालतो, हिचे गुडघे दुखत असणार, हा दिवसभर उभा असतो. मीही शिकले. आजही मला गिऱ्हाइकाचा चेहरा आठवत नाही, चप्पल आठवते.

दादाची स्वतःची चप्पल मात्र उजव्या टाचेला चार महिन्यांत झिजायची. एकदा मी त्याला न सांगता नवी केली. अख्ख्या सोलला टायरच्या खाचा उभ्या ठेवल्या आणि उजव्या टाचेला बाहेरच्या बाजूने जाड टायरचा अर्धगोल तुकडा बसवला. त्याच्या खाचा आडव्या ठेवल्या, म्हणजे जोर पडला तरी पाय सरकणार नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दादा ती घालून फुटपाथवर दोनदा जाऊन आला आणि म्हणाला, "येडे, मला सरळ केलंस की!"

पुढे त्याच्या हातात मोबाईल आला. गिऱ्हाईक नसलं की तो त्यात डोकं घालून बसायचा. मला वाटायचं सिनेमा बघतोय. तो पैसे लावून पत्ते खेळत होता, हे मला फार नंतर कळलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यापुढच्या किराणा दुकानात चोरी झाली. मागच्या दाराचं कुलूप तोडून कुणीतरी गल्ल्यातले अठरा हजार नेले. सगळीकडे तीच चर्चा होती. दादा तर त्यावर गिऱ्हाइकांशी विनोदही करत होता. तीन-चार दिवसांनी तो टायर आणायला गेला असताना एक बाई आल्या. साधा पंजाबी ड्रेस, हातात मोबाईल. त्यांनी एक फोटो दाखवला. पांढऱ्या पिठावर चप्पल उमटलेली होती आणि शेजारी मोजपट्टी ठेवलेली.

"ताई, असा सोल कोण लावतं इकडे?"

फोटोत टाच अगदी स्वच्छ आली होती. उभ्या खाचा, त्यांना लागून अर्धगोलात आडव्या खाचा.

"मीच," मी म्हणाले.

"तुम्ही? काय सुरेख काम आहे हो! मुद्दाम असं केलंय?"

माझ्या कामाबद्दल तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला वाटलं, यांना अशीच चप्पल हवी आहे. मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलत सुटले. तुकडा का लावला, खाचा आडव्या का, सगळं समजावलं.

"अशा किती केल्यात?"

"एकच. माझ्या भावाच्या पायासाठी. तुमचा पाय दाखवा, बघते तुम्हाला तसा लागतो का."

बाईंनी पाय पुढे केला नाही. मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "भाऊ कधी येतील?" तेव्हा कुठे मला ते पीठ दिसलं. म्हणजे आधीही दिसलं होतं, पण मी माझं कामच बघत बसले होते.

टायरची वळकटी खांद्यावर घेऊन दादा आला, तोवर दोन पोलीस येऊन उभे होते. त्याच्या पायात तीच चप्पल होती. बाईंनी ती काढायला लावली, कागदाच्या पाकिटात घातली आणि पाकिटावर सही घेतली. दादाने माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलंस?"

मी होय म्हणून मान हलवली.

"काम पक्कं करावं, पण इतकं नाही," तो म्हणाला आणि अनवाणी चालत गेला. रस्ता तापला होता. पेटीत दुरुस्तीला आलेले सहा-सात जोड पडले होते. त्यातला एक त्याच्यापुढे टाकावा, एवढंही मला सुचलं नाही.

नंतर बाईंनी मला सांगितलं की शाई लावून चप्पल कागदावर उमटवली आणि फोटोशी ताडून पाहिली. नुसती नक्षी जुळून भागत नाही म्हणे, झिजही जुळावी लागते. टाचेच्या कडेला एक चीर होती, तीही जुळली. दादाने मग कबूलच केलं. पैसे मोबाईलवरच्या पत्त्यांत गेले होते.

येरवड्याला मी एकदाच भेटू शकले. काचेच्या पलीकडे तो आणि मधे फोन. तो म्हणाला, "छत्रीची काडी बदलून घे, पावसाळा आलाय." त्यानंतर दोनदा गेले, पण तो भेटायला बाहेर आला नाही. सुटला तेही मला वस्तीतल्या दुसऱ्यांकडून कळलं. घरी आलाच नाही.

मी किराणावाल्या शेठकडे गेले आणि दर सोमवारी जमतील तेवढे देईन म्हणाले. शेठ म्हणाले, "चोरी तू केलीस का बाई?"

"चप्पल मी केली."

"मग चपलेचे पैसे माग त्याच्याकडे!" शेठ तसे तिरकसच बोलायचे, पण पैसे घेताना दरवेळी पाणी विचारायचे.

दादाला नेलं त्याला अडीच वर्षं झाली. या काळात मी फुटपाथवरून जाणाऱ्यांचे पायच पाहिले. एक हलकं, एक जड असं कुणी मागून आलं की रापी थांबायची. म्हातारे निघायचे, एकदा काठीवाला निघाला. बुधवार पेठेत चामड्याचा माल आणायला जाते तिथेही गर्दीत कान तेच शोधतात. मला त्याच्याकडून माफी नको आहे आणि मागायचीही कशी ते माहीत नाही. त्याने पेटीजवळ बसून गिऱ्हाइकाशी बोलावं आणि मी खाली मान घालून सोल कापावा, एवढंच वाटतं.

गेल्या सोमवारी शेठकडे गेले. चारशे द्यायचे आणि मग आणखी अकराशे राहणार होते. शेठनी हात मागे घेतला.

"ठेव तुझ्याकडे. तुझा भाऊ शनिवारी येऊन राहिलेले सगळे देऊन गेला. शिरूरकडे कुठल्या गोदामात कामाला आहे म्हणे."

मी विचारलं, "माझं काही विचारलं?"

"मीच सांगितलं, बहीण कोपऱ्यावर बसते, जाऊन ये. म्हणाला, माहितीये, समोरच्या बाजूने बघून आलोय."

शनिवारी दिवसभर मी तिथेच होते. रस्त्यावर गाड्यांचा आवाज फार होता.

शेठनी पाणी विचारलं. मी नको म्हणाले. चारशे रुपये परत पदराला बांधले. शेठचं आता आमच्याकडे काही राहिलं नाही, अठरा हजार पुरते फिटले.