दुर्बिणीला आधी काय घ्यायचं?

आमच्या जव्हारच्या हॉस्टेलात दुर्बीण आली, त्याला एक हिवाळा झाला. तारे किती बघितले ते विचारू नका. घाबरलो किती वेळा, ते विचारा! एकानं किस्सा काढला की दुसरा बोलतो, "थांब, माझा राहिला." जेवणाची घंटा होते तरी संपत नाय.

दुर्बीण साधी, नवशिक्यांची. विज्ञानाचे भोये सर बोलले, "शाळा तिला अजून एकच वस्तू घेऊन देणार. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा." सरांना पाहिजे सूर्याचा फिल्टर, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायचा. आम्हाला पाहिजे बार्लो, म्हंजे चित्र दुप्पट मोठं करणारं भिंग.

*

सरांनी बार्लो एक दिवस मागून आणला. माझा दोस्त मंग्या, दाभोशाचा, पहिला घुसला. दुपारची वेळ, दुर्बीण समोरच्या डोंगराकडं. मंग्या किंचाळला, "सर! म्हैस आभाळाला लटकलीय! पाय वर करून माझ्याकडंच येतेय!"

सर बोलले, "अरे, हिच्यात सगळं उलटंच दिसतं. सरळ दिसायला वेगळं भिंग लागतं."

मंग्या तवर हॉस्टेलात. आतून कडी!

*

स्टँड लई हलका. एका संध्याकाळी तलासरीचा एक बारका पोरगा चंद्र बघत होता. मी हळूच स्टँडच्या पायाला पाय लावला. चंद्र गदागदा हलला.

पण तलासरीकडं भूकंपाचे धक्के सारखे बसतात, तिथल्या पोराला हलणं म्हंजे काय ते मी सांगायची गरज नाय. "भूकंप!" करून तो जो पळाला! सगळं हॉस्टेल अनवाणी मैदानात. स्वयंपाकाच्या मावशी पळी घेऊन उभ्या. तो पोरगा परत आत जाईना, शेवटी मीच सरांना सांगितलं, पाय मी लावला.

आता स्टँडला दगडांची पिशवी लटकवतात. वजन असलं की हलत नाय. पिशवी रोज मी उचलतो. शिक्षा!

*

अंधारात साध्या टॉर्चनं डोळे दिपतात, मग तारे दिसत नाय. म्हणून सरांनी टॉर्चला लाल कागद लावला. एकदा तारे बघायला गावाबाहेर शिरपामाळावर गेलतो, सांज झालती. पर्यटकांची गाडी आली. मी टॉर्च हनुवटीखाली धरला, काचेजवळ गेलो, हळूच विचारलं, "पाणी हाय का?"

गाडी रिव्हर्समध्येच खाली गेली!

मी हसतोय, तवर मागून कानाजवळ आवाज, "मला पण पाज."

टॉर्च टाकून सुटलो. मागं पण कोणतरी पळतंय! पार रस्त्यावर येऊन बघितलं, तर मंग्या.

"तूच बोललास ना? मग तू कशाला पळतोस?"

"तू पळालास म्हंजे काहीतरी असंल ना!"

*

खोक्यात दुर्बिणीबरोबर एक इवलासा सूर्याचा फिल्टर फुकट आलता. डोळा लावतो तिथं आत बसणारा. सरांनी तो माझ्या हातात दिला. "हा तापून तडकतो. डोळा जाईल. फेकून ये."

मी खिशात टाकला.

शुक्रवारी सर मोखाड्याला गेलते. भर दुपारी मी फिल्टर बसवला, दुर्बीण सूर्याकडं वळवली. मंग्यानं डोळा लावला. "लई भारी रं! हिरवा दिसतोय!" हटायलाच तयार नाय.

माझ्या मुठीत एक भुंगा होता. सोडला त्याच्या कॉलरीतून आत.

मंग्या उडालाच. शर्ट झटकत, शिव्या देत गोल गोल नाचायला लागला. मी हसायला तोंड उघडलं, आणि दुर्बिणीतून आवाज आला.

टच्.

मी जवळ गेलो. मंग्याचा डोळा होता तिथं हात धरला. चटका बसला. फिल्टर मधोमध तडकलेला.

मागून मंग्यानं पाठीत गुद्दे घातले. मी पळालो नाय. उभाच राहिलो.

"काय रं? रडतोस काय? एवढं लागलं?"

"हां," बोललो.

शनिवारी सरांनी विचारलं, "बार्लो कोणाकोणाला पाहिजे?" सगळे हात वर. मंग्याचा पहिला.

"सूर्याचा फिल्टर?"

मी हात वर केला. दोन्ही.

"अरे, एका माणसाचा एकच हात!" सर बोलले. मी खाली घेईना.

"फितूर!" मंग्या बोलला, आणि दोन्ही डोळे वटारून माझ्याकडं बघत बसला.