निळाशार नाला

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आमचे चाचा प्रत्येक डीव्हीडी गिऱ्हाइकाला देण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात, पुढं पळवत नाहीत. कुणी घाई केली की म्हणतात, "बेटी, शादी एकदाच होते ना?"

आमची शादी नव्हती. वाळूजकडचा एक कारखाना आमच्या गावच्या नाल्यात काळं पाणी सोडतो, त्याचा व्हिडिओ होता. प्रदूषण मंडळातल्या मागच्या सुनावणीत आमची डिस्क तिथल्या साहेबांच्या जुन्या प्लेअरवर चाललीच नाही. कंपनीचा वकील तोंडावर हसला. आज दुपारी शेवटची संधी होती.

"तुम्ही नुसती मोबाईलची फाईल टाकली. जुन्या प्लेअरला ती कळत नाय," म्हणत चाचांनी नवी डिस्क हळू स्पीडवर राइट केली. दुकानातल्या जुन्या प्लेअरवर ती चालली, पण नाला निळाशार दिसत होता!

"चाचा, पाणी निळं कसं झालं?"

"रंग जरा उजळले. हाताची सवय हाय."

"हा पुरावा आहे, नवरी नाही!" मी ओरडले.

त्यांनी ती डिस्क मोडली, मूळ रंगांची दुसरी राइट केली आणि तीही पूर्ण बघितली. मी दारात तडफडत उभी होते. मग त्यांनी शटर ओढलं.

"मी बी येतो. व्हिडिओत काही फेरफार केला का, असं कुणी इचारलं तर सांगतो, रंग मीच चढवला होता, मीच उतरवला."

एवढ्या एका वाक्यावर तो वकील आमची केस उडवेल, हे मला कळत होतं. पण खरं लपवणाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटणारी मी, त्यांना कोणत्या तोंडानं गप्प बसा म्हणणार? मी दोघांसाठी रिक्षा थांबवली.