दुकानाच्या तासाच्या बाई

सेनगावच्या अख्ख्या बाजारपेठेला, कुणी विचारलेलं नसताना, दुकान कसं चालवावं हे शिकवण्याची हिंमत आजवर एकाच व्यक्तीने केली, आणि ती म्हणजे आमच्या हायस्कुलातल्या दुकानाच्या बाई. वेळापत्रकात त्यांच्या विषयाचं नाव ‘रिटेल’ होतं. आम्ही पोरी त्याला दुकानाचा तास म्हणायचो, म्हणून त्या दुकानाच्या बाई. मूळच्या कुरुंद्याच्या, चांगल्या उंच, पदर कमरेला खोचलेला, आणि नजर कायम समोरच्या फळीवरचा माल तपासत असल्यासारखी. त्या कापड घ्यायला जात, पण लक्ष सगळं दुकानदारावर. “तुमी थान काढताना गिऱ्हाईकाकडं पाठ करून राहिले,” असं त्यांनी एका पोक्त शेटजींना सुनावलं. “पाठ बघून कापड कोन घेईल?” तेव्हापासून बाई दुकानात शिरल्या की शेटजी बिचारे खेकड्यासारखे आडवे आडवे चालत थान काढायचे. जीपवाल्याने ‘चला, चला’ असं खेकसायचं सोडून ‘या ताई, बसा मामा’ म्हणावं, यासाठी त्यांनी स्टँडवर उभं राहून त्याची तालीम घेतली. जीप उशिरा सुटली. आत कोंबलेली माणसं चिडली होती, पण ‘मामा’ म्हटल्यावर उतरून जाणार कशी?

वर्गात मागच्या भिंतीशी दोन बाकं जोडून आमचं दुकान मांडलेलं होतं. साबणाचे, चहाचे, बिस्किटांचे रिकामे पुडे बाईंनी गावभरातून गोळा केले होते आणि वजन यावं म्हणून त्यांत वाळू भरली होती. उशिरा आलेल्या पोरीला त्या कधी रागावत नसत. “या, बसा. काय दाखवू?” एवढंच म्हणायच्या. उशीर झालेली पोरगी त्या दिवसापुरती गिऱ्हाईक, आणि तिच्या गळ्यात काहीतरी मारल्याशिवाय आम्ही तिला जागेवर बसू देत नसू. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बोलता बोलता बिस्किटाचा पुडा उचलला आणि फोडला. सगळी वाळू त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर. त्या दिवशी काउंटरवर मी होते, आणि बाईंनी घोटून घेतलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं, “साहेब, लगेच बदलून देते.” बाई तोंडाला पदर लावून व्हरांड्यात पळाल्या. परत आल्या तेव्हा हसून हसून डोळे लाल झाले होते.

खरं तर मी त्या शाळेत टिकले, हीच बाईंची सगळ्यात अवघड विक्री. आमचा तांडा साखऱ्याच्या पुढं. नववीच्या दिवाळीनंतर माझ्या बाने, म्हणजे वडिलांनी, मला घरी बसवलं. बाप्यांनी भरलेल्या जीपमध्ये पोर अंग चोरून जाते, हे त्याला बघवेना. मी कापूस वेचायला जाऊ लागले. शाळेची वेळ झाली की मान आपोआप रस्त्याकडे वळायची. एका दुपारी त्या रस्त्याने धुरळ्यातून बाई चालत आल्या. बाजेवर बसल्या, पाणी प्याल्या, शाळेचं नावसुद्धा काढेनात. माझ्या याडीने, म्हणजे आईने, आरसे लावून भरलेली पिशवी उलटीपालटी करत तिच्याशी टाक्यांवर बोलत बसल्या. शेवटी बाच कंटाळला.

“बाई, तुमी पोरीसाठी आल्या ना? मी न्हाई धाडनार.”

“नका धाडू. महिनाभर नमुना म्हनून द्या. न्हाई पटलं तर परत घ्या.”

“नमुना? बाई, पोरगी हाय ती माझी!”

“मंग नमुना चांगलाच असनार. जीपची पुढची सीट पोरींसाठी राहील, ते माझ्याकडं लागलं. डायवर माझ्या शिकवनीतला हाय.”

याडी पदराआड हसली. बा काडीने जमीन कोरत राहिला. मग म्हणाला, “एवढी तकलीफ काहून घेता, बाई? कोन लागते ही तुमची?”

कापूस वेचून ओरबाडलेल्या माझ्या बोटांकडे बाई बघत राहिल्या. “हिच्याबिगर माझ्या दुकानात कोन बसल?” एवढंच म्हणाल्या. पुढच्या सोमवारी मी जीपच्या पुढच्या सीटवर होते.

मी शिकले, लग्न होऊन सेनगावातच आले. तोवर शाळेतून तो विषय गेला. बाई कंत्राटावर होत्या. एका वर्षी कंत्राट आलंच नाही. त्या कुरुंद्याला अंथरुणाला खिळलेल्या आईकडे गेल्या. आमच्या वर्गात आता मोडकी बाकं रचून ठेवली आहेत. शाळेवरून जाताना मी त्या खिडकीशी थांबते, आणि कुणी बघायच्या आत पुढे होते.

स्टँडजवळ माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. ते टाकलं तेव्हा बाईंना फोन केला. “येते,” म्हणाल्या. दर सणाला मी बोलवायची, दर वेळी “येते.” आणि आल्या त्या नेमक्या मी माल आणायला हिंगोलीला गेले होते त्या दिवशी.

“शाळेतली बाई म्हनून कुनी आल्त्या,” दुकानात बसलेल्या सासूबाई सांगत होत्या. “लई वेळ बसल्या. च्या घेतला. येनारी-जानारी मानसं बघत होत्या. मालकीण कवा येनार, इचारलं. मंग हिंगोलीची गाडी लागली तशा उठल्या.”

कुरुंद्याला जायचं ते हिंगोलीवरूनच, म्हणजे आमच्या गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींसमोरून गेल्या असणार. मी फोन लावला. “बाई, थांबायचं तरी!”

“अगं, मालकीण नसताना दुकान कसं चालतं, तेच बघायचं असतं. बराबर चालू हाय.” मग हळूच, “आईच्या औषधाची वेळ होती गं. न्हाई तं बसलेच असते.”

त्यांनी मला गल्ल्यावर बसलेलं बघावं, एवढीच माझी हौस होती. ती राहून गेली. त्यानंतर त्यांना निघणं जमलेलं नाही. मी मात्र हिंगोलीहून परतताना आता ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी धरते. समोरून गाडी आली की मांडीवरच्या पिशव्या सावरत वाकते आणि ती धुरळा उडवत निघून जाईपर्यंत तिच्या एकेका खिडकीत बघत राहते.