दोन बचावफळ्या
नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा वास आला की मला हॅम्बर्गच्या इस्पितळातली ती खोली आठवते. पाऊस उघडला होता आणि खिडकीखालच्या लॉनवर माळी यंत्र फिरवत होता. माझा नवरा खाटेवर होता, पुण्याहून आलेले सासरे शेजारच्या खुर्चीत. दोघंही एकाच कॉलेजच्या फुटबॉल संघात, पंचवीसेक वर्षांच्या अंतरानं, बॅकला खेळलेले. कोणाची बचावफळी भारी, हा त्यांचा वाद आमच्या लग्नाआधीपासूनचा, आणि सासरे कधीच हटायचे नाहीत. त्या दुपारी नवऱ्यानंच विषय काढला. "बाबा, तुमची फळी आमच्या पोरांनी पाच मिनिटांत फोडली असती." सासरे त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले. मग म्हणाले, "खरंय. तुमचीच फळी चांगली होती." नवऱ्याचं हसू मावळलं. त्यानं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर काय म्हणाले, बाबा?" आता उपचार उरले नाहीत, हे मला सकाळीच कळलं होतं आणि मी ते फक्त सासऱ्यांना सांगितलं होतं. ते पुन्हा पांघरूण सारखं करू लागले. शेवटी मीच त्याचा हात धरून सगळं सांगितलं. सात आठवड्यांनी तो गेला. सासरे अजून दर रविवारी फोन करतात, पण फुटबॉलचं नाव आम्ही कुणी काढत नाही. परवा मात्र मी धीर करून विचारलं, "बाबा, खरंच त्याची फळी चांगली होती?" ते म्हणाले, "त्याची एकही मॅच मी चुकवली नव्हती गं."