कासमभाईंचं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण तेव्हा ती राहिली नव्हती. ती असती तर — जाऊ द्या, तसं घडलंच नसतं कदाचित.

शहाद्यात आमच्या राहत्या घरामागच्या गल्लीत आमचंच एक लहानसं धाब्याचं घर होतं. तिथं कासमभाई पिंजारी भाड्यानं राहायला आले, सोबत त्यांची बायको जैतूनभाभी आणि लेकी. माझे वडील, आबा, तेव्हा हयात होते. ओट्यावर बसून ते कासमभाईंना म्हणाले, "बारा वरीस भाडं भर. मंग घर तुन्हंच शे." कागद झाला नाही. आबांचा शब्द असला की कागद कोण मागणार? ऐकायला तिसरा मीच होतो.

त्या दिवसापासून कासमभाईंनी ते घर आपलं मानलं. गळकं धाबं उतरवून नवी माती घातली, मागं पडवी काढली. भाभींनी दारात शेवगा लावला. भाडेकरू अशी झाडं लावतो का कधी?

मग आबा गेले. पाठोपाठ माझी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. घरात मी एकटा उरलो. शेत बटाईनं दिलेलं, त्यामुळे दिवसभर करायला काही नसायचं. कोण येणार माझ्याकडे? महिन्याला भाडं द्यायला कासमभाई यायचे, तेवढेच. चहा व्हायचा. ते कापसाचं बोलायचे, धाकट्या लेकीच्या सोयरिकीचं बोलायचे. कपड्यांना चिकटलेले कापसाचे तंतू ओट्यावर पडायचे. ते मी लगेच झाडत नसे — हेही आजच सांगतोय.

बारा वर्षं भरली. त्या दिवशी दोघं मिळून आले. भाभींच्या हातात झाकलेली शेवयांची थाळी होती.

"दादा, बारा वरीस व्हयनात," कासमभाई म्हणाले.

मी म्हणालो, "कसाना बारा वरीस?"

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. ते हसले. मग हसू थांबलं. "आबा बोलनात ना, दादा. तुम्ही तठेच व्हतात."

"माले याद नही," मी म्हणालो.

लोभ म्हणाल? लोभ असता तर बरं होतं, माणसाला तो समजतो. मला त्या घराचं काय करायचं होतं? पण घर त्यांचं झालं, की ते भाडं द्यायला येणार नव्हते. ओट्यावर पुन्हा कुणी बसणार नव्हतं. एवढ्यासाठी मी खोटं बोललो. नुसतं "येत जा" म्हणालो असतो, तर ते आले असते. ते मला सुचलं नाही, असं म्हणणार नाही — सुचलं होतं. मालकानं भाडेकरूला सोबत मागायची, याची लाज वाटली.

ते भांडले नाहीत, पंचांकडेही गेले नाहीत. पुढचे दोन-तीन महिने भाडं ओट्याच्या कडेला ठेवून उभ्या उभ्या परत गेले. मी चहा विचारला, तर म्हणाले, "नको, मालक." दादाचा मी मालक झालो. मग एका सकाळी कापसाची पिंजण आणि भांडीकुंडी गाडीत घालून ते खापर गावाला निघून गेले. घर मी पुन्हा कुणाला दिलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, लढाईच्या महागाईत, मी खापरच्या बाजाराला गेलो. बैल बघायला आलोय, असं स्वतःला सांगत गेलो. विचारत विचारत त्यांचं बिऱ्हाड शोधलं. दारात जैतूनभाभी एकट्याच बसल्या होत्या. कासमभाई पावसाळ्याआधीच वारले होते. जागा भाड्याचीच होती.

भाभींनी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "शेवटलेबी ते हेच बोलेत, 'मन्हीच आयकानी चूक व्हयनी व्हई, आबास्नं नाव उगाच घिदं.'" मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "दादा, खरं सांगा. चूक त्यास्नीच व्हती का?"

सांगायला एक शब्द पुरला असता. आता तर गमावण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

"व्हई," मी म्हणालो. असेल. आणि तांब्या खाली ठेवून उठलो.